आधी पन्हळ साफ करा, पाडायचे की नाही ते मग ठरवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर एक बातमी होती. घाटरस्त्यावरची जुनी आय. बी. (इन्स्पेक्शन बंगला, म्हणजे सरकारी विश्रामगृह) मोडकळीस आली आहे, ती पाडून तिथे स्लॅबची नवी इमारत बांधायचा प्रस्ताव आहे, एवढीच. चार ओळींची बातमी मी तीनदा वाचली. त्या आय. बी.चे कौलारू छप्पर मी स्वतः तीन वेळा परतले आहे, म्हणजे कौले काढून पुन्हा बसवली आहेत. पहिल्यांदा १९७४ साली वडिलांच्या हाताखाली, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. जागेचे आणि खात्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मला कुणाशी भांडायचे नाही, इमारत वाचायला हवी आहे. त्या रस्त्याने जाणारे येणारे ओळखतीलच.

मी खानापूर तालुक्यातला. जन्म कौलांत गेला. आधी काही वर्षे भट्टीवर माती मळणे, साचा, वाळवण, भाजणी हे सगळे केले, मग वडिलांसारखाच छपराच्या कामाला लागलो. आमच्या भागात मराठी मालक कौल म्हणतो, कन्नड गवंडी हंचू म्हणतो, पण दोघेही ते हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवूनच घेतात. गुडघ्यांनी साथ सोडली तसा सहा वर्षांपूर्वी शिडीवर चढणे बंद केले. तेव्हा मी लिहितो आहे ते अभ्यासकाच्या नात्याने नाही, हे आधीच सांगतो.

गेल्या वर्षी एक गोष्ट पाहिली आणि ती या बातमीशी जोडल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी अमेरिकेत इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन या गावी असते. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही नवराबायको सहा महिने तिकडे होतो. ऑक्टोबरात एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, चला, तुम्हांला एक छप्पर दाखवते." बाळाला घेऊन आम्ही सगळे निघालो. तासाभराचा रस्ता, टेकड्यांतून वळणावळणांचा, आपल्या जांबोटी-कणकुंबीकडे जावे तसा, फक्त झाडे सगळी तांबडी-पिवळी झालेली. गावाचे नाव वेस्ट बेडन स्प्रिंग्ज. गाव एवढेसे. आणि त्यात एक हॉटेल, इतके मोठे की पहिल्यांदा मला ते सरकारी कचेरीचे आवार वाटले. आत गेलो आणि मान वर केली ती मला खाली करवेना.

एक प्रचंड गोल चौक. भोवती सहा मजली खोल्यांचे कडे आणि त्या सगळ्यावर लोखंडाचा आणि काचेचा घुमट, सुमारे २०० फूट रुंद. मधे एकही खांब नाही. आपल्याकडे कुणालाही अंदाज यावा म्हणून सांगतो, विजापूरचा गोलघुमट आतून सुमारे १२४ फूट आहे. तो १६५६ चा, दगड-विटा-चुन्याचा, आणि त्याचे मोल वेगळेच. पण हा १९०२ सालचा घुमट बांधला तेव्हा जगातल्या सर्वांत रुंद घुमटांपैकी एक होता. घुमटाच्या लोखंडी फासळ्या भोवतालच्या खांबांवर टेकल्या आहेत, आणि फेरी घडवणाऱ्या बाईंनी सांगितले की प्रत्येक फासळीच्या पायाशी रूळ बसवलेले आहेत. उन्हाने लोखंड वाढते, थंडीने आकसते, तेव्हा फासळी त्या रुळांवर सरकते आणि खालच्या भिंतीला धक्का लागत नाही. मुलीने हे मराठीत सांगितले तेव्हा मी तिथल्या तिथे हात जोडले. आम्हीही मंगळुरी कौल वाशांवरच्या आडव्या रिपेला ठोकत नाही, नुसते टांगतो. कौलाच्या पाठीला त्यासाठीच कान असतो. वासा फुगू दे, वाकू दे, कौल त्याच्याबरोबर हलते आणि फुटत नाही. वडील म्हणायचे, छप्पर आवळून बांधायचे नसते. हॅरिसन ऑलब्राइट नावाच्या ज्या माणसाने हा घुमट रेखाटला, त्याला हेच उमगले होते.

आता या घराची कथा. त्या गावात गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत. राजापूरजवळ उन्हाळे गावच्या गरम झऱ्यांना जो वास येतो तोच, आमच्या हिने आवारात पाऊल टाकताच ओळखला. ते पाणी प्यायला आणि त्यात अंघोळ करायला लोक लांबलांबून आगगाडीने येत. आधीचे लाकडी हॉटेल १९०१ च्या जूनमध्ये जळून गेले. मालक ली सिंक्लेअर खचला नाही. आगीला भिणार नाही असे हॉटेल त्याने वर्षभरात उभे केले, तेच हे. पुढे १९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, पैसेवाले पाहुणे यायचे थांबले, आणि १९३२ मध्ये हॉटेल बंद पडले. १९३४ साली तेव्हाचे मालक एड बॅलर्ड यांनी ही सगळी वास्तू जेझुइट पाद्र्यांना एका डॉलरला दिली. एका डॉलरला! त्यांनी तिथे आपली पाठशाळा चालवली. साधेपणाने राहणारी माणसे ती, त्यांनी झगमगाट उतरवला, पण ३० वर्षे घर राबते ठेवले. मागच्या टेकडीवर त्यांची लहानशी दफनभूमी आहे. नंतर एक कॉलेज आले, ते १९८३ मध्ये गेले. तिथून पुढे कुलूप.

इथपर्यंत मी ऐकत होतो, पण अर्धे लक्ष वर होते. पुढचे वाक्य ऐकले आणि दोन्ही कान टवकारले. बाई म्हणाल्या की १९९१ च्या जानेवारीत बाहेरच्या भिंतीचा मोठा भाग कोसळला. मी मुलीला म्हटले, "कशाने पडली ते विचार." मला वाटले भूकंप असेल, पाया खचला असेल. उत्तर आले: छपरावर आणि पाणी उतरायच्या नळांत बर्फ साठला. नळ तुंबले, पाण्याला वाट राहिली नाही, ते भिंतीत शिरले, गोठले, फुगले, आणि भिंत फुटली.

पन्हळ तुंबली म्हणून.

संपादक महोदय, जगाला ज्याचे नवल वाटले ते हे घर. आगीनंतर उभे राहिले, मंदी सोसली, एका डॉलरला विकले गेले तेही सोसले. १९८७ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जाही मिळाला होता. त्यानंतर चार वर्षांच्या आत ते पन्हळीने पडायला आले. मी तिथे एका खांबाला टेकून उभा राहिलो आणि मला आपली आय. बी. दिसू लागली. तिच्या नैऋत्येच्या कोपऱ्यातली पन्हळ, जांभळाच्या पानांनी भरलेली.

पुढे काय झाले ते नीट सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. भिंत पडल्यावर "आता पाडूनच टाका" असे म्हणणे सोपे होते. खरे तर तेव्हा त्या घराला कुणी वालीच नव्हता, आणि पूर्ण दुरुस्तीचा खर्च डोळे फिरवणारा होता. तरी इंडियानातल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने काय केले, तर आधी पडझड थांबवण्यापुरते पैसे जमवले. टेकू दिले, उघडे पडले ते झाकले. नवा रंग नाही, नव्या खोल्या नाहीत. फक्त आणखी पडणार नाही एवढे केले. १९९६ मध्ये त्या संस्थेने वास्तू विकत घेतली आणि मग ब्लूमिंग्टनचे बिल आणि गेल कुक हे दांपत्य पुढे आले. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यातून मिळवलेला पैसा त्यांनी या घरात ओतला. २००७ साली, म्हणजे हॉटेल बंद पडल्यावर ७५ वर्षांनी, तिथे पुन्हा पाहुणे उतरू लागले.

आपल्याकडे हे सांगितले की लोक लगेच म्हणतात, "अहो, असे कुक आम्ही कुठून आणायचे?" परवा आमच्या कट्ट्यावर हेच झाले. माझे म्हणणे असे की कुक आले ते भिंत पडल्यावर पाच वर्षांनी. मधल्या पाच वर्षांत टेकू लावलेला नसता, तर ते आले तेव्हा वाचवायला उरले काय असते? मोठा दाता कधी येईल हे कुणाच्या हातात नाही. येईल तोवर घर उभे ठेवणे हातात असते, आणि त्याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. शिडी लागते, माणूस लागतो, आणि पावसाच्या आधी जाग यावी लागते.

त्या हॉटेलातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोल चौकाच्या कडेला एक भलीमोठी शेकोटी आहे, माणूस आत उभा राहील एवढी. तिचे तोंड सगळे चकाकत्या भाजलेल्या फरश्यांनी मढवलेले, त्यावर झरा आणि त्या हॉटेलचा एक बुटका यक्ष काढलेला. रुकवुड नावाच्या सिनसिनाटीच्या कुंभारकारखान्यात त्या फरश्या झाल्या. बाकीचे लोक घुमटाचे फोटो काढत होते, मी या फरश्यांपुढे अर्धा तास होतो. त्यांची झिलई काचेसारखी नाही, ओल्या शेवाळासारखी आहे, खोल. कडेच्या एका फरशीत भाजताना किंचित बाक आलेला होता आणि बसवणाऱ्याने तो शेजारच्या सांध्यात अलगद जिरवला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा हात मला तिथे दिसला. फरशीला हात लावायची परवानगी विचारली, बाई हसून हो म्हणाल्या. आमची ही तोवर बाळाला घेऊन खुर्चीत बसली होती. खाली जमिनीवर संगमरवराचे एकेक इंचाचे तुकडे जोडून नक्षी केली आहे, ती न्याहाळत तिने विचारले, "एवढं घर रोज झाडतं कोण?" मुलीने चौकशी केली. सफाईला, स्वयंपाकघरात, बागेत आसपासच्या गावांतली पुष्कळ माणसे कामाला आहेत. त्या टेकड्यांत दुसरा मोठा उद्योग नाही. हे उत्तर हिला फार आवडले. एका रात्रीचे भाडे आमच्या आवाक्याबाहेरचे होते, आम्ही कॉफी प्यालो आणि परत आलो.

आता आपली आय. बी.

तिची तुलना त्या हॉटेलशी मी करत नाही. ती चार खोल्यांची. पण जांभ्याच्या भिंती दीड हात रुंद, चुन्यात बांधलेल्या. पुढे मागे पडवी. सागवानी आढे असे की १९७४ मध्ये वडिलांनी त्यावर टिकाव मारून पाहिला तर टिकाव उसळला. कौले मंगळुरी. हे कौल आपल्या भागात आले त्याची सुरुवात १८६५ साली मंगळूरला बासल मिशनच्या कारखान्यात झाली, आणि या आय. बी.वरच्या जुन्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचा ठसा अजून वाचता येतो. पडवीत बसले की आषाढात समोरचे रान दिसायचे नाही, नुसता पागोळ्यांचा पडदा. आत मात्र जमीन कोरडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा सगळ्याच फुगल्या, जिल्ह्यात हजारो घरे पडली. त्या पावसातही हिचे एक पाखे, म्हणजे छपराची उतरती बाजू, सरकले नाही. मी स्वतः जाऊन पाहिले होते.

मग ती मोडकळीस आली कशी? माझ्या डोळ्यांदेखत आली, म्हणून सांगू शकतो. काही वर्षांपूर्वी कुणीतरी दुरुस्तीचे काम काढले आणि जांभ्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून वर ऑइल पेंट दिला. जांभा पाणी पितो आणि उन्हात ते सोडून देतो. चुन्याचा गिलावा त्याला ते करू देतो, सिमेंट करू देत नाही. ओल आत कोंडली. त्याच वेळी नैऋत्येला दोन पाखी मिळतात तिथला गंजलेला पत्रा बदलायचा राहून गेला, आणि खालची पन्हळ जांभळाच्या पानांनी तुंबू लागली. तीन पावसाळ्यांपूर्वी मी संबंधितांना सांगून आलो की एका माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, करून घ्या. दुसऱ्या वर्षी लेखी दिले. गेल्या आषाढात त्या कोपऱ्यातल्या वाशाचे डोके कुजून खाली आले आणि त्याच्याबरोबर भिंतीचा वरचा थर. एक कोपरा गेला. बाकी तीन कोपरे, आढे, पडवी, पाया सगळे धड आहे. याला मोडकळीस आली म्हणतात का? दाताला कीड लागली म्हणून जबडा काढायचा का?

नव्या स्लॅबविषयी एक शब्द. आपल्या बाजूला घाटमाथ्याचा पाऊस पडतो. तालुक्यातल्या कुठल्याही गावात जाऊन बघा, दहा-पंधरा वर्षांत स्लॅब गळायला लागते आणि मग लोक त्यावर पत्र्याची शेड मारतात. म्हणजे शेवटी उतरते छप्पर घालावेच लागते. आय. बी.ला ते आधीपासून आहे.

दुसरी अडचण लोक सांगतात ती कौलांची. भट्ट्या बंद पडल्या, कौले मिळत नाहीत. ही खरी अडचण आहे आणि ती मी लपवत नाही. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच निराळी असते, एकाचे दुसऱ्यात बसत नाही, जबरदस्तीने बसवले तर पाणी नेमके तिथूनच आत येते. पण आज गावोगाव जुनी घरे उतरवली जात आहेत आणि त्यांची कौले भंगारासारखी जातात, रस्त्याच्या खड्ड्यांत भरली जातात. उतरवणाऱ्याने पाठीवरचा ठसा बघून ती वेगळी रचून ठेवली, तर आपल्या चार-दोन तालुक्यांतल्या सगळ्या जुन्या सरकारी इमारतींना पुढची वीस वर्षे पुरतील एवढी निघतील. कुणीतरी ती रचायला एक गोडाऊन द्यायला हवे. आणि हात? खानापुरात खादी ग्रामोद्योगाची कुंभकलेची संस्था आहे, आपली माती तर सगळीकडे नावाजलेली. मातीकाम शिकवायची जागा आहे तिथे पावसाळ्याआधी महिनाभर कौले परतायचा आणि चुन्याचा गिलावा करायचा वर्ग चालवता येईल. शिकवायला माझ्या वयाचे आठ-दहा जण अजून आहेत. मराठी आहेत, कन्नड आहेत. आणखी दहा वर्षांनी नसतील.

आणि पाहुण्यांचे म्हणाल तर त्या रस्त्याने आज शनिवार-रविवारी गोव्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. पडवीत बसून पाऊस बघायला, गरम भाकरी आणि झुणका खायला लोक थांबणार नाहीत, असे मला वाटत नाही. गावातल्या चार बायाबापड्यांना तिथे काम मिळेल. पण तो पुढचा विचार. तो करायला आधी घर जागेवर राहू द्या.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. पाडायचा निर्णय या पावसाळ्यापुरता थांबवावा. मृगाला सहा आठवडे आहेत. तेवढ्यात पडलेल्या कोपऱ्याला दोन टेकू द्यावेत, उघड्या भागावर ताडपत्री घट्ट बांधावी, जिथे पाखी मिळतात तिथला पत्रा बदलावा, पन्हळ मोकळी करावी. दिवाळीनंतर जाणत्या इंजिनिअरने येऊन बघावे आणि मग काय ते ठरवावे. या कामाची मजुरी आम्हांला नको. मी खाली उभा राहून सांगेन, माझा पुतण्या आणि माझा जुना कन्नड सोबती वर चढतील. शिड्या आणि दोर आमचे. खात्याने फक्त आत जायची परवानगी, एक नवा पत्रा आणि एक ताडपत्री द्यावी. परवानगीचा अर्ज मी या पत्राबरोबरच पाठवला आहे. आपल्या दैनिकाने ही गोष्ट पुन्हा एकदा विचारली, तर त्या अर्जाकडे कुणाचे तरी लक्ष जाईल.

१९९६ साली शेवटची शाकारणी केली तेव्हा उरलेली दीडशे कौले आम्ही आय. बी.च्या मागे जांभळाखाली उभी रचून ठेवली होती, पुढे कधी लागतील म्हणून. परवा जाऊन बघितली. शेवाळ चढले आहे, खालचा थर मातीत रुतला आहे. एकेक काढून, पुसून वाजवून पाहिले. एकशे बारा खणखणीत वाजतात.

आपला नम्र,
एक निवृत्त कौल कारागीर
ता. खानापूर, जि. बेळगाव